विश्लेषण : घराघरांत लक्ष्मी पोहोचवणारा राजा रविवर्मांचा छापखाना तोट्यात का गेला?

कमळावर उभी, बाजूला हत्ती असलेली लक्ष्मी. वीणा वाजवणारी सरस्वती आणि शेजारी मोर. ही चित्रे कोणी काढली हे ठाऊक नसले, तरी ती पाहिलीच नाहीत असा मराठी माणूस सापडणे कठीण. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांच्या मूळ तैलचित्रांना आज कोट्यवधींची बोली लागते. २०२३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे ‘यशोदा आणि कृष्ण’ हे चित्र ३८ कोटी रुपयांना विकले गेले. मात्र, हयातीत त्यांचे पोट या लक्ष्मी-सरस्वतींवर भरले नाही. ज्या छापखान्याने त्यांना घराघरांत नेले, तोच त्यांना शेवटी विकून टाकावा लागला. मग त्यांची कमाई कशातून व्हायची? आणि इतका खप असलेला छापखाना तोट्यात का गेला?

राजघराण्यातील माणसाने पैसे घेऊन चित्रे का काढली?

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. त्रावणकोरच्या राजघराण्याशी या घराण्याचे लग्नसंबंध होते आणि त्यांच्याकडे करमुक्त जहागीर होती. म्हणजे दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नव्हती. पण रविवर्मा राजे नव्हते. ज्या ‘राजा’ या शब्दाने आपण त्यांना ओळखतो, तो त्यांच्या नावाला चिकटला तो आयुष्याच्या अगदी शेवटी.

त्यांचे मामा राजा राजा वर्मा हौसेने चित्रे काढायचे. भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढणाऱ्या भाच्याचा हात त्यांनी ओळखला आणि १८६२ मध्ये, १४ वर्षांच्या रविवर्मांना तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याकडे नेले. महाराजांनी राहायची सोय केली. दरबारातील संग्रह पाहायला मिळाला, रंग मिळाले. मिळाला नाही तो शिक्षक.

तैलरंगाचे तंत्र तेव्हा दक्षिणेत मोजक्या लोकांनाच येत होते. दरबारातील चित्रकार रामस्वामी नायकर यांनी या मुलाला शिकवायला नकार दिला. त्यांच्या हाताखालचा अरुमुगम पिल्लै लपूनछपून थोडेफार सांगायचा, असे चरित्रकार नोंदवतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र काढायला आला. त्यानेही शिकवले नाही. महाराजांच्या शब्दाखातर काम करताना नुसते बघायची परवानगी दिली. बाकी सारे रविवर्मा स्वतःच रंग कालवून, चुका करून शिकले.

या नकारांमागे केवळ मत्सर होता असे म्हणणे सोपे आहे. पण धंद्याच्या बाजूने पाहिले तर कारण वेगळे दिसते. दरबार एक, मिळणारी कामे मोजकी. ज्याला तंत्र येते त्याचे तंत्र हेच भांडवल. ते दुसऱ्याला दिले की आपले काम अर्धे झाले.

वरच्या घराण्यातल्या माणसाने चित्र काढून महाराजांकडून बक्षीस घ्यावे, यात काही गैर मानले जात नसे. ठरवून मोबदला घेणे मात्र कारागिराचे काम. रविवर्मांनी ही रेघ ओलांडली ती १८७० मध्ये. त्या वर्षी ते कोल्लूरच्या मूकाम्बिका देवीच्या यात्रेला गेले आणि देवीसमोर या व्यवसायाचा निश्चय केला, असे सांगितले जाते. परतीच्या वाटेवर कालिकतला किळक्के पालाट कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाचे चित्र त्यांनी काढले. मेनन हे तिथले उपन्यायाधीश. रविवर्मांचे हे पहिले पैसे घेऊन केलेले काम.

इथे गिऱ्हाईक कोण आहे ते लक्षात घेण्यासारखे आहे. राजा नाही, जमीनदार नाही. इंग्रजी शिकलेला, पगार घेणारा सरकारी अधिकारी. हा वर्ग तेव्हा नुकताच तयार होत होता आणि आपले कुटुंब भिंतीवर लावायची हौस त्याला होती.

पदकांचा उपयोग काय झाला?

आज एखादा फ्रीलान्स चित्रकार आपले काम मोबाइलवर टाकतो आणि ऑर्डरची वाट पाहतो. १८७० च्या दशकात ती जागा प्रदर्शनांची होती. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही ते गौरवले गेले. १८७६ मध्ये दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला मद्रासमध्ये मांडली गेली आणि ती थेट मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतली. पुढे संस्कृत पंडित मोनियर विल्यम्स यांनी ‘शाकुंतल’च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात सुरुवातीलाच हे चित्र छापले.

साखळी अशी की पदकामुळे गव्हर्नरची नजर जायची, गव्हर्नरने चित्र घेतले की संस्थानांचे दिवाण चौकशी करायचे आणि दिवाणांनी चौकशी केली की दरबारातून बोलावणे यायचे. १८७८ मध्ये रविवर्मांनी याच ड्यूकचे पूर्णाकृती चित्र काढले. १८८० मध्ये पुण्याच्या प्रदर्शनात त्यांना गायकवाडांच्या नावाचे सुवर्णपदक मिळाले.

त्याच वर्षी घरच्या आघाडीवर मात्र गडबड झाली. आयिल्यम तिरुनाळ यांचे निधन झाले आणि विशाखम तिरुनाळ गादीवर आले. नव्या महाराजांशी रविवर्मांचे जमले नाही. एका मालकावर अवलंबून असलेला दरबारी चित्रकार अशा वेळी संपतो. रविवर्मांकडे तोपर्यंत बाहेरची गिऱ्हाइके होती. त्यांनी तिरुवनंतपुरम सोडले.

बडोद्याचे ५० हजार

रविवर्मांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा मध्यस्थ होता सर टी. माधवराव. हे मूळचे तंजावर मराठी. आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण. त्रावणकोरमध्ये त्यांनी रविवर्मांना तरुणपणी पाहिले होते. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना राज्याधिकार मिळाले, तेव्हा त्या समारंभासाठी माधवरावांनी रविवर्मांना बडोद्याला बोलावून घेतले. धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्माही सोबत होते. काही महिने राहून त्यांनी महाराजांची आणि राजपरिवाराची चित्रे केली. मग भावनगर आले, १८८५ मध्ये म्हैसूर आले.

१८८८ मध्ये उटकमंडला सयाजीरावांनी त्यांना मोठे काम दिले. बांधकाम सुरू असलेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील प्रसंगांची १४ चित्रे. मोबदला ५० हजार रुपये. म्हणजे एका चित्राला सरासरी साडेतीन हजारांहून अधिक. भारतीय चित्रकाराला त्या काळात एका कामासाठी एवढी रक्कम मिळणे ही बातमीच होती.

ही रक्कम हातात पडायची तर दोन वर्षे त्या कामाला जुंपून घेणे आले. आधी दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात फिरले. सीता, द्रौपदी, दमयंती यांना कपडे कोणते घालायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सगळ्या देशाने आपले म्हणावे असा एकच पोशाख त्यांना कुठे सापडला नाही. अखेर साडीवर आणि त्यातही बऱ्याचदा मराठी पद्धतीने नेसलेल्या साडीवर त्यांनी भर दिला. केरळच्या माणसाने काढलेल्या देव्या महाराष्ट्रातल्या बायकांना ओळखीच्या वाटल्या, त्याचे हे एक साधे कारण. दुसरे म्हणजे मुंबईत मिळालेली मॉडेल. गोमंतकीय वारशाच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे नाव त्यांच्या काही चित्रांशी जोडले जाते.

चित्रे १८९० मध्ये पूर्ण झाली. ती आधी तिरुवनंतपुरमला आणि मग बडोद्यात लोकांना पाहायला ठेवली. दरबार हॉलमध्ये कधी पाऊल न टाकलेली माणसे रांगा लावून येऊ लागली. महाराजांनी पैसे देऊन चित्रे घेतली होती आणि पुढे ती राजवाड्याच्या भिंतीवर जाणार होती. बाहेर जी गर्दी उभी होती तिला ती विकत घेणे शक्यच नव्हते. छापखान्याची कल्पना डोक्यात रुजायला हे दृश्य पुरेसे होते.

दोन माणसांचे दुकान

रविवर्मांची सही असलेली सगळी चित्रे एकट्या रविवर्मांची नाहीत, ही बाब बरेचदा मागे पडते. राजा राजा वर्मा (१८६०-१९०५) स्वतः उत्तम चित्रकार होते, निसर्गचित्रांत तर विशेष. मोठ्या कॅनव्हासवर मागचे डोंगर, झाडे, खांब, पायऱ्या पुष्कळदा ते रंगवायचे आणि मोठा भाऊ चेहरे, हात, कपडे करायचा. संस्थानांशी इंग्रजीत पत्रव्यवहार, प्रवासाची आखणी, येणी-देणी हेही धाकट्याकडेच. १८९५ ते १९०४ या काळात त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी शिल्लक आहे. रविवर्मांच्या कामकाजाबद्दल आज जे नेमके कळते, त्यातले बरेचसे तिच्यामुळे.

त्या रोजनिशीत दिसतो तो एक सतत प्रवासात असलेला संसार. रेल्वे, बैलगाडी, पाहुण्यांचा बंगला, महाराजांना वेळ मिळण्याची वाट, काम, पुन्हा रेल्वे. कॅनव्हास आणि रंग युरोपातून जहाजाने यायचे, तेही सोबत न्यायचे. रविवर्मांच्या नावाने इतकी पत्रे येऊ लागली की किळिमानूरसारख्या लहान गावात टपाल कार्यालय उघडावे लागले, असे सांगतात. ते स्वतः मात्र गावात क्वचितच असत. पत्नी भागीरथीबाई माहेरी मावेलिक्करा येथे राहायच्या. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. रविवर्मांनी पुन्हा लग्न केले नाही.

परदेशात ते कधीच गेले नाहीत. समुद्र ओलांडला तर जातीबाहेर व्हावे लागेल, ही त्या काळची अडचण होती. माणूस गेला नाही, चित्रे गेली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांची १० चित्रे मांडली गेली आणि त्यांना पुरस्कार मिळाले.

छापखाना कसा सुरू झाला?

कल्पना पुन्हा माधवरावांचीच. १८८० च्या दशकातच त्यांनी रविवर्मांना पत्र लिहून सुचवले होते की, चित्रांना इतकी मागणी आहे आणि एका माणसाच्या दोन हातांनी ती पुरी होणार नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. माधवराव १८९१ मध्ये वारले. छापखाना त्यांना पाहायला मिळाला नाही.

रविवर्मांनी प्रती बाहेरून छापून आणण्याऐवजी यंत्रेच जर्मनीतून मागवली. १८९४ मध्ये मुंबईत, गिरगावात ‘रविवर्मा फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस’ सुरू झाला. भागीदार होते मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी. तंत्रज्ञ जर्मन. पहिले चित्र छापले गेले ते शकुंतलेच्या जन्माचे. मेनका विश्वामित्रांसमोर बाळ धरून उभी आहे, ते.

रंगीत शिळाछपाई म्हणजे नेमके काय, हे समजले की खर्चाचा अंदाज येतो. त्यासाठी बव्हेरियातला एक विशिष्ट, बारीक कणांचा चुनखडीचा दगड लागतो. दगड घासून आरशासारखा सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर पुढचे सगळे चालते. जिथे तेलकट रेघ आहे तिथे छपाईची शाई धरते, बाकी ओल्या जागेवर धरत नाही. कागद दाबला की चित्र उमटते.

हे झाले एका रंगाचे. तैलचित्राची नक्कल करायची तर प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड. मूळ चित्र समोर ठेवून त्यात पिवळा कुठे, गुलाबी कुठे, सावलीतला तपकिरी कुठे, हे कुशल माणसाने डोळ्यांनी वेगळे काढायचे आणि दगडांवर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवायचे. एका चित्राला कित्येकदा दहाहून अधिक दगड लागत. तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून जायचा आणि प्रत्येक वेळी रंग केसभरही न सरकता आधीच्या रंगावर बसला पाहिजे. एक दगड थोडा हलला की लक्ष्मीचे ओठ गालावर. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, ती आणखी एक डोकेदुखी. शेवटी वार्निशचा हात देऊन आणि पृष्ठभागावर कॅनव्हाससारखा पोत उठवून तैलचित्राचा भास आणायचा. अशा प्रतीला ओलिओग्राफ म्हणत.

म्हणजे पहिली प्रत निघेपर्यंतचा खर्च प्रचंड आणि नंतरच्या प्रत्येक प्रतीचा खर्च अगदी कमी. हा धंदा हजारोंच्या खपावरच जगतो.

मुंबई इलाख्यात छापील चित्रांची सवय लोकांना आधीच लागली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू केली होती आणि तिथली रामपंचायतन व मराठेशाहीतील पुरुषांची चित्रे घरोघरी लागत होती. रविवर्मा प्रेसच्या चित्रांत वेगळे होते ते मांसल शरीर, खरी वाटणारी छाया-प्रकाशाची जाण आणि साडीच्या चुण्या. ती खपली. १८९६ च्या सुमारास लक्ष्मी आणि सरस्वती छापल्या गेल्या आणि मग त्या थांबल्याच नाहीत. ज्याला देवळात जाता येत नव्हते त्याच्याही घरात आता देवी भिंतीवर आली.

मग तोटा का झाला?

पहिला घाव प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि काही महिन्यांत लोक शहर सोडून पळू लागले. कामगार गावाला गेले, बाजार थंडावला. यंत्रे आणि दगड मात्र जागच्या जागी, जर्मन तंत्रज्ञांचा पगार चालू. छापखाना घाटकोपरला गेला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला. रेल्वे जवळ, हवा चांगली, रोगापासून दूर. पण अवजड यंत्रे आणि टनावारी दगड दोनदा हलवणे म्हणजे पैसा गेलाच. शिवाय गिऱ्हाईक मुंबईत आणि कारखाना घाटावर.

दुसरे कारण भागीदारीचे. मखनजींशी असलेली भागीदारी मोडली आणि छापखान्याचा सगळा भार वर्मा बंधूंवर, त्यातही राजा राजा वर्मांवर आला. दोघेही चित्रकार. मोठा भाऊ वर्षातले बरेच महिने कोणत्या ना कोणत्या दरबारात. छापखाना असा लांबून चालत नाही. शाई, कागद, उधारी, एजंट यांच्यावर रोज कोणीतरी बसून लक्ष ठेवावे लागते.

तिसरे कारण नकलांचे, आणि आजच्या चित्रकारांना सर्वांत ओळखीचे वाटेल ते हेच. चित्र लोकप्रिय झाले की दुसरे छापखाने तेच, किंवा थोडा फरक करून, स्वस्तात काढायचे. देशात काढायचे आणि जर्मनीतही छापून इकडे पाठवायचे. नक्कल करणाऱ्याला चित्र सुचवावे लागत नाही, मॉडेल बसवावी लागत नाही, संस्थानिकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. कलाकृतींना स्पष्ट संरक्षण देणारा कॉपीराइट कायदा भारतात लागू झाला १९१४ मध्ये. तोपर्यंत रविवर्मांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

आणि एक कारण त्यांच्या स्वभावातले. छापील प्रत जितकी चांगली तितके दगड जास्त आणि खर्च जास्त. रविवर्मांना आपल्या नावाची प्रत हलकी चालत नव्हती. बाजाराला चालत होती.

परिणाम असा की, पोर्ट्रेट काढून दरबारांतून आणलेला पैसा छापखान्यात जिरू लागला. ज्या लक्ष्मीच्या प्रती लोक धनाच्या आशेने लावत होते, तिच्या छपाईचे कर्ज तिचा चित्रकार चेहरे रंगवून फेडत होता.

छापखाना विकताना काय गेले?

नव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत वर्मा बंधूंनी मळवलीचा छापखाना फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. श्लायशर हे याच छापखान्यात तंत्रज्ञ म्हणून आलेले जर्मन. यंत्रे आणि दगड तर गेलेच, पण ऐंशीहून अधिक चित्रे छापण्याचे हक्कही गेले. छापखान्याचे नाव तेच राहिले, त्याच नावाला किंमत होती.

श्लायशर यांना धंद्याची बाजू कळत होती. लक्ष्मी-सरस्वती छापणे चालू राहिलेच, पण त्यांनी कॅलेंडरे, लेबले आणि कंपन्यांच्या जाहिरातींची कामेही घेतली. दुसऱ्या चित्रकारांकडून नवी चित्रे करून घेतली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे रावबहादूर एम. व्ही. धुरंधर हे त्यांपैकी एक. रविवर्मांचे चिरंजीव राम वर्मा जे. जे.मध्ये शिकायला होते, तेव्हा त्यांना मार्गदर्शन करणारे हेच धुरंधर.

लोणावळ्याच्या या छापखान्यात काम केलेला आणखी एक माणूस मराठी वाचकांना चांगला माहीत आहे : धुंडिराज गोविंद फाळके. ब्लॉक आणि छपाईचे काम करताना रविवर्मांच्या पौराणिक दृश्यांशी त्यांचा रोजचा संबंध आला. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, तिथेही भागीदारांशी बिनसले आणि मग ते सिनेमाकडे वळले. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना तारामतीच्या उभे राहण्यात, मागच्या खांबांत आणि पडद्यांत मळवलीतील दगड आठवतात, ते उगाच नाही.

शेवटच्या वर्षांत कमाई कशावर?

पुन्हा दरबारांवरच. १९०१ मध्ये भाऊ उदयपूरला गेले. तिथे महाराणा फत्तेसिंह यांच्यासाठी काम केले, महाराणा प्रतापांचे चित्रही त्यातलेच. १९०२ मध्ये मोठ्या आशेने हैदराबाद गाठले. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्याकडे उतरले. निजामाचे काम मिळेल म्हणून आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, पण अपेक्षित काम काही हाती आले नाही. देशभर नाव झालेला, पन्नाशी ओलांडलेला चित्रकार, ज्याच्या चित्रांच्या प्रती निजामाच्या शहरातल्या दुकानांतही असणार, तो बोलावण्याची वाट पाहत बसलेला. धंदा म्हणून चित्रकला करणाऱ्याच्या आयुष्यात हे दिवस येतातच. रविवर्मांनाही ते चुकले नाहीत.

१९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्याच्या मजकुरात त्यांचा उल्लेख ‘राजा’ रविवर्मा असा झाला. केरळच्या मातृवंशीय पद्धतीत भाच्याच्या नावाआधी मामाचे नाव लागते. मामांचे नावच ‘राजा राजा वर्मा’ असल्याने हा घोळ झाला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्रावणकोर दरबारात त्यावरून नाराजी होती. नाव मात्र कायम राहिले.

त्याच सुमारास म्हैसूरचे तरुण महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांच्याकडून नऊ पौराणिक चित्रांचे काम आले. बडोद्यानंतरचे हे सर्वांत मोठे. पण १९०५ च्या सुरुवातीला राजा राजा वर्मा वारले. पंचवीस वर्षे ज्याने डोंगर आणि आकाश रंगवले, पत्रे लिहिली, हिशेब ठेवला, तो माणूस अर्ध्या कामात गेला. रविवर्मांना मधुमेहाने ग्रासले होते. त्यांनी म्हैसूरचे काम एकट्याने पूर्ण केले आणि किळिमानूरला परतले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यांची चित्रे युरोपीय नाटकी थाटाची म्हणून बाजूला सारली. बाजारावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. १९७९ मध्ये केंद्र सरकारने रविवर्मांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला, त्यामुळे मूळ चित्रे आता देशाबाहेर नेता येत नाहीत. मळवलीचा छापखाना त्याआधीच संपला होता. श्लायशर यांच्यानंतरही तो बरीच वर्षे चालला आणि १९७२ मध्ये लागलेल्या आगीत जळाला.